उदबत्तीचा धूर आणि अण्णांचा आवाज

क्षयरोगाच्या दवाखान्यात सत्तावीस वर्षं हेल्थ व्हिजिटर होते असं सांगितलं, की लोक आधी आपली खुर्ची जरा मागं घेतात आणि मग विचारतात, "किस्से बरेच असतील ना हो तुमच्याकडे?" असतात की. आमच्या रजिस्टरला दहा रकाने होते. नाव, वय, पत्ता, थुंकीचा रिपोर्ट असं सगळं त्यात बसायचं. जे बसायचं नाही ते मी घरी घेऊन यायचे. यजमान म्हणायचे, "जेवताना तरी रजिस्टर मिटत जा." मी मिटायचे, पण किस्से साठत गेले ते गेलेच.

माझं काम सोपं होतं. पेशंटच्या घरी जायचं, त्याच्याबरोबर राहणाऱ्यांची नावं लिहायची आणि त्यांच्यात कोणाला लागण झालीय का ते तपासून घ्यायचं. आमच्या डॉक्टरांना मात्र एकच प्रश्न छळायचा. एक पेशंट दहा जणांना रोग देतो आणि दुसरा कोणालाच देत नाही, असं का?

माझे बहुतेक किस्से फिरून बिबवेवाडीच्या मारुतअण्णांपाशी येतात. अण्णांचं गाणं त्यांना परत मिळणार की नाही, याचा घोर आम्हा सगळ्यांना वर्षभर लागून राहिला होता. मला जास्त, कारण चूक माझी होती. पण आधी आमची माणसं सांगते.

*

डॉक्टर लिमये उंच, किडकिडीत आणि शिस्तीचे. वैद्यकीयदृष्ट्या चुकीचं वाक्य कानावर पडलं की ते दुरुस्त केल्याशिवाय त्यांना पुढचा घास जात नसे.

त्यांच्या मुलीच्या साखरपुड्यात मुलाचे काका मोठ्या अभिमानानं म्हणाले, की आमच्या घराण्यात टीबी वगैरे कधी नव्हता, रक्तच शुद्ध आहे. डॉक्टरांनी हातातली पेढ्यांची बशी खाली ठेवली. टीबी रक्तातून येत नाही, हवेतून येतो, इथून त्यांनी जी सुरुवात केली ती "तुम्हाला मध्यंतरी महिनाभर खोकला होता का?" इथपर्यंत नेली. होता म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी काका डबी घेऊन आमच्या दवाखान्यात हजर!

"थुंकी निगेटिव्ह निघाली म्हणून लगीन झालं," असं शकुंतलाबाई अजून सांगतात. शकुंतलाबाई आमच्या आया. झाडलोट, पेशंटची रांग, डॉक्टरांचा चहा आणि डॉक्टरांचा राग, सगळं त्याच सांभाळायच्या. डॉक्टरांनी सगळ्यांना दुरुस्त केलं, पण शकुंतलाबाईंना सगळ्यांत जास्त. त्यांचं रोज एक तरी वाक्य चुकायचं. आम्हाला तर वाटायचं, त्या मुद्दाम चुकतात.

*

घरभेटीला निघताना डॉक्टरांच्या पिशवीत स्टेथोस्कोपशेजारी उदबत्तीचा पुडा असायचा. पेशंट जिथं झोपतो तिथं ते एक उदबत्ती लावायचे आणि धुराकडे बघत उभे राहायचे. धूर वाहून खिडकीबाहेर गेला तर मान हलवायचे. छताशी घुटमळत राहिला तर म्हणायचे, "इथली हवा कुठं जातच नाही."

एका घरी त्यांनी उदबत्ती लावली आणि घरातली सगळी माणसं हात जोडून उभी राहिली. आजी नारळ घेऊन आल्या. घरातला कर्ता मुलगा आजारी, आणि डॉक्टर इतके भाविक निघाले म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "या खोलीला खिडकी नाही का?" खिडकी होती. तिच्यासमोर देव्हारा होता.

"देव हलवा."

आजी म्हणाल्या, "देव हलवायचा तर मुहूर्त बघावा लागतो."

"बघा. तोवर मुलाला श्वास घेऊ नको म्हणावं."

पुढच्या भेटीला देव समोरच्या भिंतीवर गेलेले होते आणि धूर सरळ खिडकीबाहेर जात होता. आजींनी तेवढ्यात नारळ फोडून घेतला.

*

खडकीला क्वार्टर्समध्ये एक कामगार होते. एक्स-रे डॉक्टरांनी पुन्हा उजेडासमोर धरून बघितला, एवढी छाती खराब. थुंकीत जंतूच जंतू. घर दोन खोल्यांचं, माणसं सात. मी मनातल्या मनात आणखी सहा केसपेपर काढून ठेवले.

त्या सहांपैकी एकालाही लागण नव्हती. डॉक्टरांनी पुन्हा तपासायला लावलं. पुन्हा तेच. मग आम्ही दोघं घरी गेलो. यांची खाट कुठाय, असं विचारल्यावर बाईंनी व्हरांड्याकडे बोट केलं. यांच्या बिड्या आणि घोरणं सहन होईना म्हणून त्यांनी लग्नानंतर चौथ्या वर्षीच खाट बाहेर काढली होती. तेव्हापासून दोघांत कामापुरतं बोलणं होतं. चहासुद्धा खिडकीतून दिला जायचा.

बाहेर आल्यावर डॉक्टर मला हळूच म्हणाले, "देशपांडेबाई, भांडण मिटवायला जाऊ नका. निदान थुंकी निगेटिव्ह येईपर्यंत तरी."

*

विश्रांतवाडीचे शॉर्टहँडचे सर याच्या अगदी उलट. छातीत एवढासा डाग, खोकला म्हणाल तर खाकरल्यासारखा. घरी म्हातारी आई, ती ठणठणीत. आम्ही त्यांची नोंद केली, औषध सुरू केलं आणि विसरलो.

त्याआधीच्या वर्षभरात त्याच भागातून पाच तरुण मुलं आली होती. पाच घरं वेगळी, पाच केसपेपर वेगळे. एकदा गोळ्या घ्यायला आलेल्या दोन मुलांनी बाकावर एकमेकांना ओळखलं, तेव्हा कळलं, की पाचही जण सरांच्या क्लासचे.

क्लासवर गेलो. पहिल्या मजल्यावरची एक खोली, भिंतीवर पाटी: "खिडकी उघडू नये. उघडल्यास उडालेले कागद स्वतः गोळा करावेत." त्या खोलीत सर सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत खणखणीत आवाजात डिक्टेशन द्यायचे. डॉक्टरांनी उदबत्ती लावली. धूर वर गेला आणि तिथंच राहिला.

जिना उतरताना डॉक्टर म्हणाले, "माणूस किती आजारी आहे ते एक्स-रे सांगतो. तो किती जणांना देतो ते त्याचा घसा आणि त्याची खोली सांगते." मी ते वाक्य घरी येऊन लिहून ठेवलं. लिहून ठेवलं, एवढंच. शिकले असते तर पुढचं झालं नसतं.

त्या पाचांतली एक मुलगी फार उशिरा आली होती. ती वाचली नाही. सरांनी पाटी स्वतःच्या हातानं उतरवली. मागच्या बाजूला नवीन काही लिहायचं म्हणून रंग आणला, आणि शेवटी पाटी कोरीच टांगली. खिडकी त्यानंतर कोणी लावली नाही.

*

आता अण्णा. बिबवेवाडी गाव होतं तेव्हापासूनचं त्यांचं घराणं. शेतं गेली, तिथं इमारती उभ्या राहिल्या, पण अण्णांचा आवाज होता तसाच राहिला. दर गुरुवारी देवळामागच्या खोलीत त्यांचं भजनी मंडळ बसायचं. माइक लागायचा नाही. नव्या सोसायटीतल्या लोकांनी आवाजाची तक्रार केली, तेव्हा मंडळानं भांडण नको म्हणून दारं-खिडक्या लावून भजन सुरू ठेवलं.

त्या वर्षी आम्हाला टीबीची माहिती देणारा कार्यक्रम बसवायचा होता. कल्पना माझी, गाणं माझं: "तीन आठवडे खोकला, आता दवाखाना गाठा." गाणार कोण, तर अण्णा. मीच त्यांच्या घरी जाऊन त्यांना राजी केलं.

तालीम आमच्या औषधांच्या स्टोअररूममध्ये. तीन आठवडे, रोज दुपारी तासभर. अण्णा गायचे, शकुंतलाबाई शेजारी बसून झांज वाजवायच्या. पेशंटना त्रास नको म्हणून दार लोटून घ्यायचो. खिडकी नव्हतीच. मी दाराच्या फटीत कागद घेऊन उभी असायचे, कारण आत एकच स्टूल होतं आणि गुडघे दुखतात म्हणून मी ते आग्रहानं शकुंतलाबाईंना दिलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरलेला. "तीन आठवडे खोकला" या ओळीवर अण्णांना ढास लागली. थांबेचना. लोकांना वाटलं अभिनय, टाळ्यांचा कडकडाट झाला. अण्णाही हसले, आणि पुढच्या कडव्यात तीच ओळ आली तेव्हा पुन्हा खोकले. पुन्हा टाळ्या. सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. हे सांगताना मला अजून लाज वाटते.

*

पुढे उन्हाळ्यात मंडळाचे मृदंगवाले आले, मग दोन टाळकरी. तिघांच्याही घरचे नीट. यावेळी मी बाकावरच्या योगायोगाची वाट बघितली नाही. गुरुवारी तिघं कुठं असतात ते विचारलं आणि तशीच अण्णांकडे गेले. त्यांच्या थुंकीचा रिपोर्ट आला तेव्हा तो मला वाचवेना. अण्णांची बायको, दोन मुलं, सुना, सगळे मात्र चांगले. घरी अण्णा अंगणात बसायचे आणि मोजकं बोलायचे. त्यांचा आवाज त्या बंद खोलीसाठी राखलेला होता. आणि माझ्या तालमीसाठी.

डॉक्टर स्टोअररूममध्ये गेले आणि त्यांनी उदबत्ती लावली. अख्ख्या पुण्यातल्या खोल्या आम्ही उदबत्तीनं तपासल्या होत्या, आमची स्टोअररूम कधी तपासली नव्हती. धूर औषधांच्या खोक्यांवर जाऊन बसला आणि हललाच नाही. डॉक्टरांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

मग आम्ही सगळ्यांनी तपासण्या करून घेतल्या. माझा एक्स-रे स्वच्छ. शकुंतलाबाई दोन महिने खोकत होत्या, पण आमच्या डोळ्यांसमोर खोकत असल्यामुळे आम्हाला ते दिसलंच नव्हतं. त्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

मी रडले तेव्हा त्याच मला म्हणाल्या, "स्टूल तुम्ही दिलं, रोग न्हाई दिला."

*

डॉक्टरांनी अण्णांना सांगितलं, की थुंकी निगेटिव्ह होईपर्यंत गाणं बंद. अण्णांनी बोलणंही बंद केलं. एक दिवसाआड दोघं गोळ्या घ्यायला खिडकीजवळच्या बाकावर बसायचे, एका टोकाला अण्णा आणि दुसऱ्या टोकाला शकुंतलाबाई. शकुंतलाबाईंचा आजार कोणाकडून आला हे अण्णांना सांगायचं नाही, अशी डॉक्टरांची आम्हाला सक्त ताकीद होती.

पण अण्णा काही दुधखुळे नव्हते. एक दिवस गोळ्या हातात धरून त्यांनी विचारलं, "बाई, तुमाला कवापासनं हाय?"

शकुंतलाबाई म्हणाल्या, "अवो, हितं रोज किती माणसं माझ्या तोंडावर खोकत्यात. कुणाचं नाव घेऊ?"

अण्णांनी मान खाली घातली. शकुंतलाबाईंनी उठून त्यांना पाण्याचा ग्लास दिला, आणि गोळ्या गिळेपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

*

दोघांचाही कोर्स पुरा झाला. दोघांच्याही थुंकीचे शेवटचे रिपोर्ट निगेटिव्ह. डॉक्टरांनी अण्णांच्या केसपेपरवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "गाण्यास हरकत नाही." असा शेरा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच दिला असावा.

अण्णांनी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला आणि गुरुवारी मंडळात गेले. मंडळानं त्यांना हार घातला, चहा दिला, खोलीच्या खिडक्या आता उघड्या असतात हे दाखवलं. सोसायटीतल्या लोकांनीही सगळं ऐकल्यावर तक्रार मागं घेतली होती. अण्णांनी गायला तोंड उघडलं. समोर बसलेली दोन माणसं वीतभर मागं सरकली. अण्णांनी तोंड मिटलं.

त्यानंतर ते मंडळात जायचे, पण मागच्या भिंतीला टेकून बसायचे. मी तीनदा त्यांच्या घरी गेले. आजार गेलाय, डॉक्टरांनी लेखी दिलंय, लोकांची भीती खुळी आहे, सगळं सांगून झालं. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "बाई, लोकांचं मला काय न्हाई वाटत. माझं मलाच भ्या वाटतं. मी तोंड उघडलं आन् चार घरं आजारी पडली. आता कसं उघडू?"

मी त्यांना आमच्या पुढच्या कार्यक्रमाचं नुसतं निमंत्रण दिलं. गाऊ नका, फक्त या, असं म्हटलं.

*

अण्णा आले. इस्त्रीचं धोतर, टोपी, खिशात तीच प्लॅस्टिकची पिशवी. मी त्यांना स्टेजवर बसवलं. हॉल भरला होता, पण पुढच्या दोन रांगा रिकाम्या. सगळ्यांना बातमी माहीत होती. मंडळाची माणसं पाचव्या रांगेत होती. मृदंगवाले तेवढे स्टेजवर, तेही कडेला.

भाषणं झाली. मी माइकवरून म्हटलं, की अण्णांनी दोन शब्द बोलावेत. अण्णा उभे राहिले, हात जोडले आणि नुसतेच उभे राहिले. मागं कोणीतरी कुजबुजलं, कोणीतरी तोंडावर रुमाल धरला. अण्णांनी तो रुमाल बघितला आणि ते खाली बसायला लागले.

तेवढ्यात बाजूच्या दारातून शकुंतलाबाई आल्या. एका हातात झांज, दुसऱ्या हातात स्टूल. स्टोअररूममधलं तेच स्टूल. त्या सावकाश स्टेजच्या पायऱ्या चढल्या. अण्णांच्या अगदी समोर, हातभर अंतरावर त्यांनी स्टूल मांडलं आणि गुडघ्यावर हात टेकून बसल्या.

"म्हणा अण्णा," हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. "मला एकदा होऊन गेलाय. ज्याला एकदा होतो त्याला पुन्हा कधी होत न्हाई."

हे साफ चूक होतं. टीबी एकदा होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो, हे आम्ही रोज प्रत्येक पेशंटला घोकून सांगायचो. शकुंतलाबाईंनी स्वतः ते हजार वेळा ऐकलं होतं. मी, कंपाउंडर, लॅबवाले, आम्ही सगळ्यांनी एकदम डॉक्टरांकडे बघितलं.

डॉक्टर उठले. आता पेढ्यांची बशी खाली ठेवणार, असं मला वाटलं.

ते भिंतीपाशी गेले आणि हॉलच्या एकूणएक खिडक्या त्यांनी उघडल्या. मग आपली खुर्ची उचलून स्टेजवर आणली, शकुंतलाबाईंच्या स्टुलाला लावून ठेवली आणि तिच्यावर बसले.

अण्णांनी घसा खाकरला. कोणी मागं सरकलं नाही.